साग, लोखंड आणि साहेबाची गाडी

३ फेब्रुवारी १९५८

बैठक दोन तास चालली. मी एकच वाक्य बोलले, तेही दादाने मधेच तोडलं. "सुमा, चहाचं बघतेस का जरा?" वीस वर्षं इस्पितळात बाळंतपणं केली, मिडवाइफची परीक्षा पहिल्या नंबराने पास झाले. मंडळाच्या कचेरीत माझी नेमणूक चहावर.

विषय ताईआत्याचा फिरता दवाखाना. आत्याची सून बैलगाडीत गेली, पोटातल्या जिवासकट, दवाखान्याच्या वाटेवर. म्हणून आत्याने मरताना इच्छापत्रात स्वतःचं सगळं मंडळाला देऊन टाकलं, एका अटीवर: वसई ते डहाणू किनाऱ्यावरच्या बायकांसाठी चाकांवरचा दवाखाना. म्हणजे जीपच्या मागे ओढायची एक खोली. खोली गावात उभी राहील, जीप आडवाटेने अडलेली बाई आणायला जाईल. त्या खोलीत आठवड्याचे पाच दिवस राहणार मी. जेवणार मी, झोपणार मी, बाळंतपणं करणार मी. ती कशी असावी हे ठरवणार माझा थोरला भाऊ (चिटणीस), अध्यक्ष रावसाहेब आणि दोन सभासद. त्यांतले एक घोरत होते.

रावसाहेबांनी (पुढे रा.सा. लिहीन, तेवढीच शाई वाचेल) आज बातमी दिली. त्यांचा कुणी साहेब-मित्र नोकरी आटोपून विलायतेला चाललाय. त्याची कॅराव्हॅन, म्हणजे सुट्टीत मोटारीला जोडून फिरायची खोली, तो मंडळाला भेट देतोय. "आयती आहे! आता बांधत बसायला नको."

सगळे खूश. दादा सगळ्यांत जास्त.

मी म्हटलं, आधी नीट बघायला... तेवढ्यात चहा.

६ फेब्रुवारी

शिवाजी पार्कला रा.सा.च्या बंगल्याच्या आवारात गाडी बघितली. मलईचा रंग, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे, आत छोटं बेसिन, भिंतीला बिजागऱ्यांनी जोडलेलं घडीचं टेबल. दादा आत शिरून बाकावर बसला, उठला, पुन्हा बसला. "अगदी बोटीतल्या केबिनसारखं!"

मी मागच्या बाजूला गेले. कोपऱ्यात, खिडकीखाली, रंगाला फोड. बोट दाबलं तर आत गेलं. अंबाड्यातला आकडा काढून टोचला. पूर्ण गेला. बाहेर काढला तर टोकाला ओला भुसा.

भिंत लाकडाची नाहीच. बारीक पट्ट्यांचा सांगाडा, त्याला दोन्हीकडून दाबलेल्या पुठ्ठ्याचे तक्ते, मधे पोकळ. विलायतेत चालत असेल. इथे आमच्या फणसवाडीत पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते.

दादाला दाखवलं. "तू भोकं पाडत सुटलीस तर दुसरं काय होणार?" रा.सा. हसले. "सुमतीबाईंची नजर बारीक आहे हो."

मग गाडीसमोर सगळ्यांचा फोटो. फोटोवाल्याने मला नेमकं त्या भोकापुढे उभं केलं. झाकायला. आणि मी उभी राहिले! घरी येईपर्यंत स्वतःवरच चरफडत होते.

९ फेब्रुवारी

दादाला न सांगता लालबागला गेले. वामन मिस्त्री मालवणकडचे, साठीला आलेले, लॉऱ्यांच्या बॉड्या बांधतात. त्यांच्या सुनेची दोन्ही बाळंतपणं माझ्या हातची. साहेबाच्या गाडीतला भुसा रुमालात बांधून नेला होता. त्यांनी चिमटीत चुरला, वास घेतला.

"ताई, ह्यां लाकूड न्हय. ह्यो पापड."

मग त्यांची पद्धत दाखवली. सागाची चौकट, प्रत्येक सांधा खाचेत बसवलेला, कोपऱ्यात लोखंडी काटकोन आणि बोल्ट. वरून ॲल्युमिनियमचा पत्रा, पत्रा आणि सागाच्या मधे डांबरी कापड, म्हणजे ओल आत शिरत नाही. अर्ध्या बांधलेल्या बॉडीत मला चढवलं आणि म्हणाले, उडी मारा. मारली. काही हललं नाही. कामगार हसत होते, पण चांगल्या मनाने.

"माका ईचारल्यात म्हणान सांगतंय. थंय तुमी ऱ्हवतल्यात. तुमचे रावसायब नाय."

किती साधी गोष्ट.

११ फेब्रुवारी

आज परळला. साठे म्हणून तरुण इंजिनिअर, छोटा कारखाना. हा लोखंडवाला. वेल्डिंग केलेली अख्खी लोखंडी चौकट, तिला रिव्हेट मारून पत्रा. मिस्त्रींचं ऐकून आले हे सांगितलं तर रागावला नाही. कागद काढून आकृतीच काढायला बसला.

"लाकूड हलतं, बाई. दुसऱ्या वर्षी स्क्रू ढिले, तिसऱ्या वर्षी दार लागत नाही. लोखंड जसंच्या तसं."

"आणि खारी हवा?"

"दर वर्षी रंग द्यायचा."

"बाहेरून मी देईन. नळ्यांच्या आतून कोण देणार?"

पेन्सिल थांबली. "हो, तो प्रश्न आहे खरा."

या महिन्यात कुठल्याही पुरुषाच्या तोंडून असं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मेमध्ये आतून तवा होईल हेही त्याने कबूल केलं, बुचाच्या लाकडाचं अस्तर सुचवलं. पण खड्ड्यांच्या रस्त्यावर वेल्डिंगला चीर गेली की ती गावच्या लोहाराला दुरुस्त होत नाही. सागाची पट्टी कुठल्याही गावचा सुतार बदलून देईल.

म्हणजे दोन चांगले मार्ग, दोन्हींत खोट. याच्यावर भांडावं, रात्रंदिवस चर्चा करावी. तर आमची चर्चा कशावर? पडदे धुवायचे की बदलायचे.

१५ फेब्रुवारी

रा.सा. कचेरीत गेलेले. त्यांच्या गड्याकडून शिडी घेतली, पदर खोचला, आणि साहेबाच्या गाडीच्या टपावर आठ बादल्या पाणी ओतलं. सावकाश, एकेक. खाली उतरून आत गेले. बेसिनवर थेंब. बाकावर थेंब. मागच्या कोपऱ्यात, जिथे पाण्याची टाकी आहे, तिथे धार नाही, पण भिंत काळी पडत खाली खाली चाललेली. जमिनीपर्यंत. जमीनही त्याच पुठ्ठ्याची, वरून मेणकापड घातलेलं म्हणून दिसत नाही.

रा.सा.च्या पत्नी गच्चीतून बघत होत्या. जाताना मला टॉवेल दिला.

संध्याकाळी दादा घरी आला तो तापलेलाच. "लोकांच्या आवारात शिडीवर चढतेस? वय काय तुझं?"

एकेचाळीस. आणि छप्पर गळतं.

"मी डागडुजी करून घेईन." वहिनी मधे पडल्या, पानं वाढली. मी जेवले नाही. मूर्खपणा. भूक लागली होती.

१८ फेब्रुवारी

काल शिवाजी पार्कला सभा. अख्खं मंडळ गेलेलं. समितीचे वक्ते गर्जत होते, लोकांचा आवाज दिल्ली ऐकत नाही, ज्यांना इथे राहायचंय त्यांना विचारत नाही. दादा टाळ्या वाजवून वाजवून लाल. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" मीही ओरडले, घसा बसेपर्यंत. मनापासून.

आज बैठक. मी दोन पानं लिहून नेली: साग असा, लोखंड असं, साहेबाची गाडी का नको. बसलेल्या घशाने वाचायला लागले. अर्ध्या पानावर रा.सा. म्हणाले, "बाई, भेट नाकारणं शोभत नाही. साहेबाचा मोठेपणा बघा." मी म्हटलं, ज्यांना इथे राहायचंय त्यांना विचारत नाही, याच्यावर काल तुम्हीच टाळ्या वाजवल्या. दादाचे कान लाल झाले. मग त्याने इतिवृत्तात लिहिलं: भेट एकमताने स्वीकारली.

एकमताने! मला मत नाही, म्हणून एकमत.

२१ फेब्रुवारी

गाडीच्या मलईरंगी अंगावर कुणी पोरांनी खडूने "मुंबई आमची" लिहिलं. रा.सा. एवढे भडकले की पोलिसांत जायला निघाले. खडूचा एवढा राग. कुजक्या भिंतीचा नाही.

दादाने डागडुजी केली. भोकात लुकण भरून वर रंग. चकाचक. मला बोलावून दाखवलं.

२५ रोजी वरळी कोळीवाड्यात चाचणी ठरली. एक दिवसाचं शिबिर. मला विचारलं जाशील का. नाही म्हणायला हवं होतं. पण बायका वाट बघतील.

२५ फेब्रुवारी

रात्र फार झालीय. तरी आजच लिहिते. उद्या कुणीतरी मला शिकवेल काय झालं ते.

गल्ल्या अरुंद, म्हणून गाडी कोळीवाड्याच्या तोंडाशी उभी केली, सुकत घातलेल्या बोंबलांच्या बाजूला. दहापासून बायका तपासल्या. अकराच्या सुमारास हिराबाय आली. मासळी विकणारी, दणकट, पन्नाशीची. सोबत तिची सून जानकी, दुसरं बाळंतपण, कळा सुरू झालेल्या. हिराबायने आत पाऊल टाकलं, जमिनीवर टाच आपटून बघितली.

"बाय, ही काय गारी हाय? आमचे होरीची फली यापेक्षा जार असते."

मी काय सांगू? म्हटलं, काळजी करू नका. हो, मी म्हटलं हे! मला ठाऊक असून.

जानकीला घडीच्या टेबलावर घेतलं. सगळं छान चाललेलं. डोकं दिसायला लागलं, तिने जोर केला आणि टेबलाचा पाय जमिनीतून सरळ खाली गेला. मेणकापड फाडून. त्याच झटक्यात भिंतीतले बिजागऱ्यांचे स्क्रू पुठ्ठ्यासकट उपटून आले. टेबल कलंडलं. मी तिला कमरेत धरलं, हिराबायने खांदा लावला, तरी जानकी डाव्या हातावर पडली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

बाळ जमिनीवर झालं, टाकीच्या बाजूला, ओल्या मेणकापडावर. मुलगी. रडली लगेच. देवाची कृपा म्हणवत नाही, देवाचा यात संबंध नाही.

जानकीचा हात मनगटात मोडलाय. जीपने इस्पितळात नेलं, प्लॅस्टर घातलं. ती डावरी आहे. जाळी विणते. मला म्हणाली, "बाय, तुमचा काय गुन्हा?"

काय गुन्हा. सगळं ठाऊक होतं हा गुन्हा.

२६ फेब्रुवारी

दादाला सगळं सांगितलं. तो खाली बसला. मला वाटलं, आता तरी. मग म्हणाला, "वर्तमानपत्रात जाता कामा नये."

२८ फेब्रुवारी

दादाने अहवाल लिहिला, माझ्या सहीसाठी आणला. "उपस्थित स्त्रियांची गर्दी होऊन टेबलावर जादा भार आल्यामुळे..."

आत आम्ही तिघी होतो. बाळ धरलं तर चार, आणि ते अजून यायचं होतं.

कागद त्याच्या ताटाशेजारी ठेवला. सही केली नाही. तो ओरडला, मी ओरडले, शेजारच्या खिडक्या उघडल्या. वहिनींनी आमची खिडकी लावून घेतली.

"रा.सा.च्या शब्दावर मला त्यांच्या कचेरीत नोकरीला घेतलं, बाबा गेले तेव्हा. त्यावर हे घर उभं राहिलं. विसरलीस?"

विसरले नाही. पण जानकीचा हात त्यात कुठे बसतो ते सांग म्हटलं. तो ताट तसंच टाकून उठला.

३ मार्च

दादा बोलत नाही. निरोप वहिनींमार्फत. "त्यांना सांगा, छत्री माझी आहे." हे वय झालं आमचं.

कोळीवाड्यात जाऊन आले. बाळ छान. जानकी उजव्या हाताने जाळ्याची सुई धरायला शिकतेय, चुकतेय, हसतेय. मला हसवेना. हिराबायने सुकट बांधून दिली. घ्यायची लाज वाटली, न घेण्याची त्याहून जास्त.

७ मार्च

रा.सा.नी स्वतः बोलावून घेतलं. बंगल्यावर, चहा, बिस्किटं. आज चहा दुसऱ्या कुणी आणला.

म्हणणं असं. झालं ते वाईट झालं. साहेबाची गाडी गुपचूप बाजूला काढू. नवी बांधू. साग की लोखंड, कुठल्या कारखान्यात, आत काय, बाहेर काय, सगळं सुमतीबाई ठरवतील, मंडळ मान डोलावेल. फक्त त्या अहवालावर सही. "नाहीतर चौकशी आली, वकील आले. आत्याबाईंच्या इच्छापत्राचं काम वर्ष, दोन वर्षं लटकेल. तिकडच्या बायकांचा विचार करा."

बायकांचा विचार मी करू!

सतरा दिवसांपूर्वी मी दोन पानं वाचत होते तेव्हा हेच कान होते, हीच माणसं. आता विचारतात, साग की लोखंड? अगदी आदराने. मला बिस्किटाची बशी त्यांच्या अंगावर फेकावीशी वाटली. फेकली नाही. विचार करून सांगते म्हटलं. आणि ट्रॅम येईपर्यंत खरंच विचार करत होते, मागची चाकं कुठे घ्यायची, दार कुठल्या बाजूला. याचाच राग सगळ्यांत जास्त येतो.

९ मार्च

मोर्चामुळे लालबागची वाट अर्धी बंद, चालत गेले. साठेला तिथेच बोलावलं होतं. मिस्त्री आणि तो समोरासमोर. आधी दोघेही माझ्याकडे बघून बोलत होते, एकमेकांकडे नाही. "ह्येंचा लोखांड गंजतला." "यांचा साग कुरकुरणार." मग साठे चौकटीखाली वाकला, सांधा हाताने चाचपला, आणि म्हणाला, "हे कसं बसवलंत?" मिस्त्री पण खाली वाकले. पाऊण तास दोघांची पाठच दिसत होती मला.

शेवटी असं ठरलं: तळ लोखंडी, उघडा, म्हणजे खालून रंग देता येईल, पोकळ नळी कुठेच नाही. वर सागाची चौकट, पत्रा, डांबरी कापड. टेबलाचे चारही पाय थेट तळाच्या लोखंडावर टेकलेले. हे शेवटचं मी सांगितलं. मिस्त्रींनी मान हलवली. "आदी सुचला असता तर..." आणि रंधा उचलला. त्यांना जानकीचं ठाऊक होतं.

आकृती साठेने काढली, लांबी-रुंदी घालून. सुंदर आहे. सारखी उघडून बघतेय. तिला बाळंतघराचा वास येतो, डेटॉलचा. वेडेपणा.

तिकडे किनाऱ्यावर, सफाळ्यापलीकडच्या कुठल्यातरी गावात आज कुणीतरी कळा देत असेल, जवळ कुणी नसेल. एक सही. "गर्दी" एवढा एक शब्द. त्याने कुणाचं काय जाणार?

जानकीचं.

११ मार्च

उद्या चारला बैठक. आज कोळीवाड्यात जाऊन हिराबायला सगळं सांगितलं, काही न लपवता. सही केली तर गाडी, नाही केली तर कदाचित काहीच नाही. मला वाटलं, ती चिडेल. किंवा म्हणेल, कर बाई सही, गाडी घे. दोन्हींपैकी काही म्हणाली असती तर माझं ओझं उतरलं असतं.

मासळीवर पाणी मारत होती. मारत राहिली. मग म्हणाली, "गर्दी म्हनजे कोन? मी?"

"हो. तुम्ही, आणि ज्या नव्हत्याच त्या."

"त्यांनी मना बघितलाय?"

"नाही."

"मंग उद्या मी येते. त्यांना बघू दे, मी एकली किती गर्दी करते ती."

नको म्हटलं. म्हणाली, तुला नाय विचारला, बाय.

घरी येऊन दादाला सांगितलं. वहिनींमार्फत नाही, तोंडावर. तो म्हणाला, "तू मंडळ मोडायला निघालीस." मग दारापर्यंत जाऊन परत वळला. "पोरीचा हात कसा आहे?"

पंधरा दिवसांत पहिल्यांदा विचारलं.

१२ मार्च

हिराबाय तीनलाच आली. हिरवं लुगडं, केसांत अबोली, अंगावर असतील नसतील ते सगळे दागिने. आमच्या ओटीवर, बाबांच्या खुर्चीच्या शेजारी, ताठ बसलीय. वहिनींनी तिला चांगल्या कपातून चहा दिला आणि स्वतः समोर बसून प्यायल्या. वाडीतली चार डोकी डोकावून गेली.

दादा अहवाल घेऊन आतल्या खोलीतून बाहेर आला, तिला बघून दारातच थांबला. तिने नमस्कार केला. त्यानेही केला, कागद धरलेल्या हातानेच. मी ओळख करून दिली: "या हिराबाय. त्या दिवशी आत होत्या." त्याने कागदाची घडी घातली, खिशात ठेवली, पुन्हा काढली. आता कोट शोधतोय. कोट खुंटीवर आहे, त्याच्या समोर.

माझ्या पिशवीत साठेची आकृती आहे. पेनही आहे. दोन्ही घेतलीत, कशासाठी ते मलाच नीट सांगता येणार नाही. फक्त राग आहे, आज शांत बसलेला, आणि कालच्यापेक्षा मोठा.

चाराला वीस कमी. कचेरी दहा मिनिटांवर. हिराबाय विचारतेय, त्या हापिसात चपला काढाव्या लागतात का.

नाही म्हटलं. घालूनच चला.